गळ्यातला गोटा

उदगीर
मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
संगमेशचा शरणार्थ.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच फाडलं असशील तर प्रश्नच मिटला. उघडलं असशील तर आधी एवढं सांगतो की घरी सगळं ठीक आहे, अव्वाची तब्येत बरी आहे, कोणी गेलेलं नाही. नऊ वर्षांनी भावाचं पत्र आलं की माणूस आधी तेच शोधतं, म्हणून सांगितलं.

फोन केला असता, पण माझा नंबर तू तेव्हाच ब्लॉक करून टाकलास आणि योग्य केलंस. पत्ता शिवप्रसाददादाकडून मिळवला. काकांचा हा मुलगा तुला माहीतच आहे. लिंगायत समाजाच्या प्रत्येक पत्रिकेवर निमंत्रक म्हणून त्याचं नाव असतं, त्यामुळे घर सोडून गेलेल्यांचे पत्तेसुद्धा त्याच्याकडे असतात. ‘तरोडा नाक्यापाशी राहते, पॉलिटेक्निकमध्ये शिकवते, तिसरा मजला, लिफ्ट नाही,’ असं त्यानं एका दमात सांगितलं. मला तुझ्याबद्दल त्याच्यापेक्षा कमी माहिती आहे.

मी परवा परत आलो. सायकलवरून जगाची फेरी, एकट्यानं, सत्तावीस महिने. पेपरात वाचलं असशील किंवा वाचायचं टाळलं असशील. हैदराबादला विमानातून उतरलो आणि तिथून बिदरमार्गे सायकलनंच आलो. गावाच्या कमानीपाशी हलगी, बॅनर आणि एक जेसीबी उभा होता. जेसीबी कशाला म्हणून विचारात पडलो, तर त्याच्या खोऱ्यातून दोन पोती झेंडू माझ्या डोक्यावर ओतला. फुलं चेनमध्ये अडकली आणि एवढ्या मुलखात कुठे आपटलो नाही तो मी आपल्याच गावच्या कमानीखाली, चारशे माणसांसमोर, तोंडावर आपटलो. बॅनरवर माझ्या नावाआधी ‘विश्वविजेता’ लिहिलं होतं.

दारात अव्वानं ओवाळलं. मग सगळ्यांसमोर तिनं माझ्या शर्टाच्या गळ्यात हात घातला, दोऱ्याला बांधलेलं फडकं वर काढलं आणि फडक्यासकट ते डोळ्यांना लावलं. म्हणाली, “ह्यानंच आनलं माज्या लेकराला माघारी. सगळी दुनिया फिरून आलं हे.” बायकांनी हात जोडले. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि सायकलसकट मला पोटात घ्यावं.

कारण त्या फडक्यात लिंग नाही, अक्का. गोटा आहे. काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरून उचललेला, बोराएवढा, काळा गोटा. लहानपणी स्वामीजींनी गळ्यात बांधलेलं माझं इष्टलिंग तुर्कस्तानात चोरीला गेलं. चांदीच्या डबीसाठी कोणीतरी उचललं. अव्वाला सांगितलं असतं तर ती खचली असती, म्हणून डबी वाटेत मोडली असं सांगून फडक्यात गोटा बांधला. दीड वर्ष झालं.

हे तुलाच का सांगतो, हे तुझ्या लक्षात आलं असेल. नऊ वर्षांपूर्वी लातूरचं ते स्थळ आलं होतं. त्या लोकांसमोर तू बसलीस आणि मुलाच्या आईनं सहज म्हणून विचारलं तेव्हा सरळ सांगितलंस, “मी लिंग घालत नाही. दोन वर्षं झाली. मला ते पटत नाही आणि काढल्यापासून हलकं वाटतं.” चहा तसाच सोडून माणसं उठून गेली. अव्वा म्हणाली, लिंग नसलेल्या हाताचं पाणी या घरात चालायचं नाही. आणि मी, पंचवीस वर्षांचा घोडा, तुझी बॅग उचलून रिक्षात ठेवली. मी काय काय बोललो ते इथे लिहिण्याची हिंमत नाही. तुला आठवत असेल. ‘अप्पा असते तर तुला जिवंत ठेवली नसती,’ हे त्यातल्या त्यात सभ्य वाक्य होतं.

आता त्याच घरात मी गोटा बांधून गव्हाची गोड हुग्गी खातो आहे आणि वर तूपही मागून घेतो.

तुझा,
संगमेश


उदगीर
सोमवार, १० फेब्रुवारी

अक्का,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं असावं. उत्तराची वाट बघत नाही असं लिहिणार होतो, पण पोस्टमन दिसला की दुकानातून उठून बाहेर येतो, तेव्हा ते खोटं होईल. आधीच एक खोटं मागच्या पत्रात गेलं आहे, ते निस्तरायला हे लिहितो.

लिंग चोरीला गेलेलं नाही. तुर्कस्तानातल्या माणसांनी माझ्या ताटात त्यांची भाकरी वाढली आणि मी त्यांच्यावर चोरीचा आळ घेतला. खरं असं की ते मी जॉर्जियात, तिबिलिसीला, एका स्वस्तातल्या मुक्कामाच्या जागी विसरलो. एका खोलीत आठ खाटा असतात तसली जागा. शेजारच्या खाटांवर पोलंडची तीन पोरं होती, तीही सायकलवरचीच. मी बनियनवर बसलो असताना एकानं गळ्यातल्या डबीकडे बोट दाखवून विचारलं, यात काय आहे? आणि माझ्या तोंडून निघालं, दम्याचं औषध.

का निघालं ते मला अजून कळलेलं नाही. त्यांनी हसण्यासारखं काही नव्हतं, त्यातल्या एकाच्या गळ्यात क्रॉस होता. पण मी औषध म्हणालो, आणि मग ती डबी गळ्यात ठेवायची लाज वाटायला लागली. रात्री काढून उशाच्या खणात ठेवली. सकाळी ती पोरं निघाली, घाटापर्यंत सोबत करू म्हणाली, मी घाईत निघालो.

पुढचे दोन दिवस रेंज नव्हती. अव्वाला ‘पूजा झाली’ असा निरोप एका गावातून पाठवला. तेव्हा मी पूजा केलेली नव्हती. केली असती तर डबी नाही हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. कळलं तिसऱ्या दिवशी, सव्वाशे किलोमीटर पुढे आल्यावर. तिथून रेल्वेनं परत जायला दोन-अडीच तास लागले असते. फोन तर करता आलाच असता. मी केला नाही. सायकलवर बसलो आणि घाट चढायला लागलो. आणि अक्का, गळा हलका वाटत होता. बरं वाटत होतं. त्या क्षणी मला तुझी आठवण आली आणि मी ती झटकून टाकली.

अव्वा लहानपणी सांगायची ते आठवतं ना, लिंग हरवलं तर सापडेपर्यंत किंवा गुरूकडून दुसरं मिळेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही. मी त्या दुपारी चीज भरलेली मोठी रोटी खाल्ली. अर्धी नाही, पूर्ण.

आता पुढचं. मी निघालो तेव्हा अव्वानं नेम घेतला होता, हे तुला कोणी सांगितलं नसेल. आंघोळ करून, लिंग डाव्या तळहातावर घेऊन, विभूती लावून मी पूजा करायची आणि तिनं ती फोनवर बघायची. ती बघितल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. मी तेव्हा हसून हो म्हटलं. आपण आपल्या गमतीत असतो आणि म्हातारी माणसं खरोखर तसं वागतात, हे ध्यानात आलं नाही. रेंज नसेल तर निरोप चालायचा. बाकी रोज व्हिडिओ. डबी हरवल्यावर काळा समुद्र लागेपर्यंत मी रेंज नसल्याचे निरोप धाडले, मग किनाऱ्यावर गोटा सापडला.

गोट्याला सायकलच्या चेनचं ग्रीस लावून फडक्यानं घासलं की लिंगासारखी लकाकी यायची. वर विभूतीची तीन बोटं ओढली की फोनच्या पडद्यावर कोणाच्या बापाला कळत नसे. अव्वाला मोतीबिंदूचा त्रास, ती म्हणायची, “लई तेज आलंय रे लिंगाला, थंड हवेनं आसंल.” मी हो म्हणायचो.

पेरूत होतो तेव्हा माझी सकाळ म्हणजे इथली संध्याकाळ. मी सातला उठून गोट्याची पूजा करायचो, तेव्हा इकडे साडेपाच वाजलेले असायचे आणि अव्वा दिवसाचा पहिला घास घ्यायची. चार महिने. मी रात्री झोपताना पूजा केली असती तर तिला सकाळीच जेवता आलं असतं, एवढा साधा हिशेब माझ्या डोक्यात आला नाही. आला असता तरी, सकाळी आंघोळ करूनच करायची असते, असं म्हणून मी शास्त्र काढलं असतं. ग्रीस लावलेल्या गोट्याचं शास्त्र! दुकानातल्या लिंबाजीनं परवा सांगितलं की त्या दिवसांत ती दोनदा चक्कर येऊन पातेल्यांच्या ढिगावर पडली होती. आपलं भांड्यांचं दुकान, आवाज केवढा झाला असेल. मला फोनवर कोणी सांगितलं नाही. मी ‘टेन्शन’मध्ये येऊ नये म्हणून.

काल मात्र कळस झाला. समोरच्या सरजाबाई घरी आल्या. त्यांचा थोरला दुबईला कामाला चालला आहे. पिशवीतून त्याचा पासपोर्ट काढून म्हणाल्या, “बाबा, आम्ही काई तुमच्यातले न्हाई, पर त्या देवाला एकडाव ह्याला शिवू दे. तुला कसं नेलं-आनलं, तसं माज्या पोराला नेऊन आनंल.” आपल्यात दुसऱ्याच्या लिंगाला असं शिवत नाहीत. मला वाटलं अव्वा नाही म्हणेल, सुटलो. पण अव्वाचेही पाय जमिनीवर नाहीत. म्हणाली, “फडक्यावरून लावा, काय हुतंय.” आणि मी तो गोटा सरजाबाईच्या पोराच्या पासपोर्टवर टेकवला. त्या माझ्या पाया पडायला वाकल्या, मी मागे सरकलो, तर त्यांना वाटलं मी नम्र आहे.

गोटा बांधल्यापासून सतरा महिन्यांत मी एकदाही रडलो नव्हतो. काल मोरीत नळ सोडून रडलो. बाहेरून अव्वा ओरडली, पाणी कशाला वाया घालवतोस.

मी तिला सांगणार आहे. या आठवड्यात. तुझ्यापाशी लिहून ठेवतो, म्हणजे मला पळता येणार नाही.

संगमेश


उदगीर
रविवार, १६ फेब्रुवारी

अक्का,

सांगितलं.

काल सकाळी ती शेंगा निवडत बसली होती. मी समोर बसलो, गळ्यातलं सोडलं, फडकं उलगडलं आणि गोटा सुपात ठेवला. शेंगांमध्ये तो फार बारका आणि काळा दिसत होता. म्हणालो, “अव्वा, हे लिंग न्हाई. माझं लिंग जॉर्जियात राह्यलं. तवापासून मी तुला हेच दाखवून राह्यलोय.”

तिनं आधी ऐकलंच नाही असं केलं. दोन शेंगा फोडल्या. मग विचारलं, “कवापासून?”

“तू पडलीस त्याच्या लई आधीपासून.”

ती उठली, आत गेली. मला वाटलं देवघरात गेली, रडते आहे. मी भिंतीला टेकून बसलो होतो. चारदोन मिनिटांनी बाहेर आली तर हातात माझ्यासाठी पाण्याचा तांब्या. समोर ठेवला आणि आवाज खाली करून म्हणाली, “आजून कुनाला म्हनलास का?”

तुझं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, न्हाई. बघ, खरं सांगायला बसलो होतो आणि त्यातही एक नाही सरकवून दिलं.

“मग कुनाला म्हनू नगंस,” ती म्हणाली. “मठात सोमीजींना मी सांगते. सकाळच्या पारी जाऊन दुसरं घिऊ. तेवीसला लातूरला तुजा सत्कार हाय. शिवप्रसादनं पत्रिका छापल्या. समाज येनार. तवर गप बस. झालं ते झालं, लेकरू परदेशात हुतं, इसरलं.”

इसरलं! तुला घराबाहेर काढलं त्यानंतर वर्षभर ज्या बाईनं तुझं नाव निघालं की कानावर हात ठेवले, तीच बाई मला म्हणते, लेकरू इसरलं. मी विचारायला हवं होतं की अव्वा, मग अक्कानं, तुझ्या मंजीनं, काय केलं होतं? तिनं तर फसवलंही नव्हतं. शब्द तोंडात तयार होते. पण मला काय वाटलं सांगू? सुटका. डोक्यावरचं ओझं कोणीतरी उतरवून घेतलं आणि वर पाणी दिलं. मी तांब्या तोंडाला लावला आणि घटाघटा प्यालो.

आज पहाटे मठात जाऊन आलो. अव्वानं स्वामीजींना सांगितलं, पोराच्या लिंगाला प्रवासात इजा झाली, बदलून द्या. ‘हरवलं’ हा शब्दसुद्धा नाही. स्वामीजी वयस्कर आहेत, त्यांनी काही विचारलं नाही, मंत्र देऊन नवं लिंग माझ्या हातावर ठेवलं. ते मी आता घातलं आहे. गळा पुन्हा जड झाला आहे आणि मला ते बरं वाटत नाही, वाईटही वाटत नाही. तुझ्याशी खोटं बोलायचं नाही म्हणून लिहिलं. परत येताना अव्वानं रिक्षावाल्याला नेहमीपेक्षा जास्त गप्पा मारून हैराण केलं. ती घाबरली की असंच करते.

गोटा तिनं मला परत दिला नाही. कुठे ठेवला ते मी विचारलं नाही.

संगमेश


उदगीर
मंगळवार, २५ फेब्रुवारी

अक्का,

हे पत्र मला लिहायचं नाही, पण आता तुझ्यावाचून मला लिहायला कोणी नाही.

रविवारी लातूरला सत्कार झाला. हॉल भरला होता. मी अव्वाला शब्द दिला होता, शाल घ्यायची, ‘धन्यवाद’ म्हणायचं आणि खाली बसायचं. शिवप्रसाददादालाही तसं बजावलं होतं. पण त्यानं निवेदन करताना आपल्या पदरचं घातलंच. “आमचे बंधू संगमेश एकटे गेले नव्हते, त्यांच्या छातीवर परमेश्वर होता! तो अनुभव त्यांनीच सांगावा.” टाळ्या पडल्या. माइक माझ्या हातात आला.

मी काय करायला हवं होतं हे तुला माहीत आहे. तू केलंस, चार माणसांत, चहाच्या कपासमोर. मला माइक होता, स्टेज होतं, खाली चारपाचशे माणसं होती. एक वाक्य पुरे होतं. ते नाही तर नुसतं ‘धन्यवाद’ सुद्धा पुरे होतं.

मी घाटाची गोष्ट सांगितली. तोच घाट, जिथे मी गळा हलका झाला म्हणून शीळ वाजवत चढलो होतो. मी सांगितलं की बर्फाचं वादळ आलं, समोरचं दिसेना, मी सायकल टाकली, इष्टलिंग तळहातावर घेतलं आणि डोळे मिटले. डोळे उघडले तर वारा पडला होता. सप्टेंबर महिना होता, अक्का. बर्फाचं नावसुद्धा नव्हतं. पण मी इतकं चांगलं सांगितलं की पुढच्या रांगेतल्या दोन बायका डोळे पुसत होत्या. सतरा महिने मी अव्वाला फोनवर रंगवून सांगत होतो, त्याचा सराव कामाला आला. माझा आवाज भरून आला. तो खरोखर भरून आला, हे सगळ्यात किळसवाणं.

अव्वा पहिल्या रांगेत बसली होती. तिला स्टेजवर बोलावलं तेव्हा ती आली नाही. दादाला वाटलं गुडघे दुखत असतील.

परतीच्या जीपमध्ये ती पुढे बसली होती. नळेगाव आलं. मग मागे न बघता म्हणाली, “मी तुला गप बस म्हनले हुते. बोल म्हनले न्हवते.”

मी म्हणालो, “दादानंच माइक दिला.”

“माइक दिला म्हनून तोंडात बर्फ बी त्यानंच घातला का?”

ड्रायव्हरनं गाण्याचा आवाज कमी केला, मग त्याला वाटलं की वाढवायला हवा होता, तो पुन्हा वाढवला.

घरी येऊन तिनं चप्पल काढली नाही. सोप्यात तशीच बसली. शाल आणि नारळ मी टेबलावर ठेवले. तिनं माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. त्यात राग नव्हता. रागाची मला सवय आहे. तिला मी अनोळखी वाटत होतो. म्हणाली, “किती सहज बोललास रे तू. येक जागी अडखळला न्हाईस. मला वाटून राह्यलं हुतं, आता अडखळंल, आता रडंल. त्या पोरीला तवा येक खोटा शब्द बोलता आला न्हाई. नुसतं ‘हाय गळ्यात’ म्हनली असती तर आज तिला दोन लेकरं असती. तिला मी चार मान्सांपायी हाकलले. आन् आज त्याच मान्सांनी तुला शाल घातली, मी म्होरं बसून बघले.”

मी शालीची घडी घालायला लागलो.

“बॅग कुनी उचलली हुती तिची?” तिनं विचारलं. तिला माहीत होतं. तिला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

“मी,” म्हणालो.

“आन् जा म्हनून बोलले कोन?”

“मी,” तीच म्हणाली.

त्यानंतर ती माझ्याशी बोलायची बंद झाली आहे. पोळ्या लाटते, दुकानात बसते, गिऱ्हाइकाशी नीट बोलते. मला ताट वाढते. मी वाट बघतो आहे की ती कधीतरी मला ओरडेल.

काल सरजाबाईंना जाऊन सांगितलं, तो गोटा होता. थोडा वेळ त्यांना काही कळलं नाही. मग हसायला लागल्या. “आरं, पोरगं तर पोचलं बी दुबईला! आता सांगून काय त्याला माघारी बोलवू?” आणि मग हसणं थांबवून म्हणाल्या, “आईला असं फशिवतं का कुनी?” शिवप्रसाददादालाही फोन केला. तो म्हणाला, सहा महिन्यांनी बोलू, आता फोटो सगळीकडे गेलेत. मी म्हणालो, मी व्हॉट्सॲप गटावर लिहून टाकतो. तो म्हणाला, लिही, पण समाजाचं नाव घेऊ नको. काल संध्याकाळी लिहून टाकलं. सरळ, पाच ओळींत. घाटातलं वादळ नव्हतं हेही लिहिलं. आतापर्यंत कोणी काही उत्तर दिलेलं नाही. दोघातिघांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली, बहुतेक न वाचताच.

उद्या शिवरात्र आहे.

संगमेश


नांदेड
गुरुवार, २७ फेब्रुवारी

अक्का,

हे पत्र पोस्टानं नाही, अव्वाच्या हातानं तुझ्याकडे येत आहे. तू हे वाचशील तेव्हा ती तुझ्या दारात उभी असेल. मी खाली, रस्त्यापलीकडच्या चहाच्या हॉटेलात बसून हे लिहितो आहे. ती शेजारी बसली आहे आणि लवकर आटप म्हणते.

मी तिला आणलेलं नाही. काल उपवास होता, दिवसभर ती देवघरात होती. आज पहाटे पारण्याचा स्वयंपाक करायच्या वेळी बाहेर आली तर अंगावर ठेवणीतलं लुगडं. “नांदेडची पैली गाडी कवा हाय?” एवढंच. तुझा पत्ता मागितला, तेव्हा कळलं की माझी पत्रं तुला जात होती हे तिला माहीत नव्हतं. मी ते सांगितलं, आणि तुला सगळं आधीच सांगितल्याचंही. त्या दिवशी सुपासमोर ‘न्हाई’ म्हणालो होतो, तेही. तिनं कपाळाला हात लावला. म्हणाली, “बरं केलंस. मला तेवढं कमी सांगावं लागंल.”

जळकोटमार्गे आलो. गाडीत बसायला जागा नव्हती, कंधारला मिळाली. तिनं काहीही खाल्लेलं नाही. मी केळी घेतली होती, ती तिनं शेजारच्या बाईच्या लेकराला दिली. काल सकाळपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नाही. हे तुला सांगू नको म्हणून तिनं मला बजावलं आहे, तुझ्यावर त्याचं दडपण यायला नको म्हणून. मी सांगतो आहे, कारण न सांगितलेल्या गोष्टींनी आपलं काय झालं ते बघतोच आहे. पण दडपण घेऊ नको. ती मोठी आहे, तिचं तिनं ठरवलं आहे.

मी वर येत नाही. ती म्हणाली, “तू खालीच थांब. तुजं तू नंतर बघ.” बरोबर आहे. तू दार लावून घेतलंस तर मी तिला घेऊन दुपारच्या गाडीनं परत जाईन आणि तुझ्याबद्दल मनात काही आणणार नाही. तेवढा हक्क आम्ही तुला नऊ वर्षांपूर्वीच देऊन बसलो आहोत. मी माफी मागत नाही, कारण माझी माफी म्हणजे काय याचा आता मलाच भरवसा नाही. मी पुढच्या महिन्यात एकटा येईन. तेव्हा तू मला काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन.

अव्वालाही विचारलं की तिला काय सांगायचं आहे, मी लिहून देतो. ती म्हणाली, “सांगायचं काई न्हाई. इचारायचं हाय.” ती हे मला जळकोटपासून विचारते आहे. गाडी थांबली की विचारते, पुन्हा निघाली की विचारते. “त्या दिशी मंजी जेवून गेली हुती का रे? दुपारची येळ हुती. मी भाकरी टाकल्या हुत्या का नव्हत्या, मला आठवंना. तू हुतास की तिथं. जेवली हुती का ती?”

मी तुझी बॅग उचलली, अक्का. रिक्षापर्यंत आलो. पण तू जेवली होतीस की नाही, मला माहीत नाही.

तिला तू सांग.

संगमेश